खवले काढायचे खेळणे नको, अंग मिटणारे करा

वाचकाचे पत्र: सप्रेम नमस्कार. मी कुडाळ तालुक्यात राहते. सावंतवाडीच्या दोन कारागिरांकडून लाकडी खेळणी करून घेते आणि प्रदर्शनांत व ऑनलाइन विकते. आता आपल्याकडच्या प्राण्यांचा संच काढायचा आहे: खवले मांजर, समुद्री कासव, शेकरू आणि बिबट्या. खवले मांजराच्या अंगावर चुंबकाने बसणारे खवले असतील. मुलाने ते काढायचे, मोजायचे, पुन्हा लावायचे. कासवाच्या खेळात वाळूतून अंडी शोधून टोपलीत गोळा करायची. शेकरूच्या गळ्यात लाल रिबन, बिबट्या हसरा. खोक्यावर ‘पर्यावरणपूरक’ आणि ‘विक्रीतील काही भाग वन्यजीव संरक्षणासाठी’ असे छापायचा विचार आहे. पहिली खेप २०० संचांची. खोका कशाचा करू, त्यावर काय लिहू आणि कायद्याचे काय पाहावे लागेल? – एक वाचक, कुडाळ

उत्तर:

नमस्कार ताई. तुम्ही खोक्याबद्दल विचारले आहे, पण आधी खेळाबद्दल बोलू. मूल खोका एकदा वाचते आणि खेळ शंभरदा खेळते. हातांना जी सवय लागते तीच त्याच्या लक्षात राहते, बाजूला काहीही छापलेले असो.

खवले मांजराचा जीव जातो तो त्याच्या खवल्यांपायी. ते आपल्या नखांसारख्याच केराटिनचे असतात, औषध म्हणून त्यांची बेकायदा विक्री होते आणि कोकणात खवल्यांसह माणसे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. २०१६ साली जगातल्या आठही जातींच्या खवले मांजरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद ठरवला गेला. आपल्याकडे हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत आहे. तुमच्या खेळात मात्र मूल एकेक खवला उपटून मोजते आहे. हेतू चांगला असला तरी हा खेळ असाच बाजारात जाऊ देऊ नका. शिवाय चुंबक हा वेगळा धोका. दोन लहान जोरकस चुंबके गिळली गेली तर आतड्याच्या दोन पदरांना मधे चिमटून धरतात आणि तिथे भोक पडू शकते. म्हणून गिळता येईल एवढ्या चुंबकाच्या जोरावर खेळण्यांच्या मानकात मर्यादा आहे. तुमच्या कामाला चुंबकाची गरजच नाही.

या प्राण्याची खरी करामत म्हणजे धोका दिसताच अंगाचा गोळा करणे. खेळणे तेच करू दे. दहा मधले तुकडे, एक मुंडके आणि एक शेपटीचे टोक असे बारा भाग एका दोरीत ओवायचे. मधला प्रत्येक तुकडा २२ मिमी जाड, सुमारे ४५ मिमी रुंद आणि ३५ मिमी उंच. दोरीचे भोक पाठीच्या कडेपासून ५ मिमी खाली पाडा. तिथून पोटाकडे दोन्ही बाजूंनी १६-१६ अंशांचा उतार द्या. पोटाशी तुकडा साधारण ५ मिमी जाड उरेल. बारा भागांचे पूर्ण वेटोळे व्हायला दर सांध्याला ३० अंशांचे वळण लागते. आपण ३२ अंशांची सोय ठेवतो, म्हणजे गोळा मिटला तरी पोटाशी जेमतेम १ मिमी फट राहते आणि बोटाची कातडी चिमटत नाही. भोक मधोमध पाडले तर गोळा अर्ध्यावरच अडतो, आणि कारागीर सवयीने भोक मधोमधच पाडतात. त्यामुळे भोक पाडण्यासाठी लाकडाचा साचा करून द्या. मुंडके आणि शेपूट लांबट असल्याने पहिला नमुना बनवून माप थोडे कमी-जास्त करावे लागेल. सगळ्या कडा किमान २ मिमी गोल घासून घ्या.

खवले कोरून किंवा रंगवून दाखवा, वेगळे चिकटवू नका. त्यांची टोके शेपटीकडे वळलेली असावीत. चित्रांमध्ये ती बऱ्याचदा उलटी काढलेली असतात. पोटावर आणि चेहऱ्याच्या खालच्या भागावर खवले नसतात. दात नसतातच. पुढच्या पायांची नखे लांब आणि आत वळलेली, वारूळ फोडायला सोयीची. शेपूट जाड आणि जवळजवळ धडाइतकी लांब. मादी बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते आणि त्याला शेपटीच्या बुडाशी बसवून फिरते. पुढे-मागे दुसरे खेळणे काढायचे झाले तर हे पिल्लू घ्या.

कासवाच्या खेळात हीच अडचण आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी उकरून नेणे हाच जुना प्रश्न होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून तो थांबवला. तिथले कार्यकर्तेही अंडी हलवतात, पण ती उबवणी केंद्रात नेऊन पुन्हा तशाच खड्ड्यात पुरण्यासाठी. चार वर्षांच्या मुलाला हा फरक कळत नाही, त्याच्या हातात फक्त अंड्यांची टोपली असते. खेळ उलटा करा. खड्डा बुजवायचा, भोवती कुंपण लावायचे, ४५ ते ६० दिवसांच्या पट्टीवर सोंगटी सरकवायची आणि शेवटी पिल्ले समुद्राकडे सोडायची. समुद्राकडच्या वाटेवर कुठेतरी हॉटेलच्या दिव्याचे घर ठेवा; पिल्लू तिथे पडले तर दोन घरे मागे. नुकती जन्मलेली पिल्ले उजळ क्षितिजाकडे धावतात, म्हणून किनाऱ्यावरचे दिवे त्यांना जमिनीकडे ओढून नेतात. मुलाला हे एका फाशात कळेल. मापाचीही काळजी घ्या. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाचे अंडे सुमारे ४ सेंमीचे असते आणि त्याच मापाचा लाकडी गोळा ४४.५ मिमी व्यासाच्या कड्यातून आरपार जातो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात एवढा लहान गोळा चालत नाही, तो घशात अडकतो. अंडी सुटी ठेवू नका, पाटावर कोरून घ्या.

शेकरूची रिबन काढा. २०११ मध्ये अमेरिकेत चिंपांझींच्या जाहिरातींवर एक प्रयोग झाला. माणसाचे कपडे घालून करामती करणारे चिंपांझी ज्यांनी पाहिले, त्यांनी संवर्धनासाठी सर्वांत कमी पैसे दिले, आणि चिंपांझी घरी ठेवायला हरकत नाही असे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाटले. रिबन, गळपट्टा, टोपी, मांडीवर बसलेले पिल्लू या सगळ्यांतून मुलाला एकच कळते, हा प्राणी पाळता येतो. प्राणी गोंडस जरूर करा. गोल घाट, मोठे डोळे याला आमची ना नाही. पण त्याच्या आजूबाजूला माणसाची एकही वस्तू नको. शेकरू झाडावरच दाखवा. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. एका फांदीवरून दुसरीवर उड्या मारत जातो, म्हणून त्याला फांद्यांना फांद्या भिडलेले जंगल लागते. खेळण्यात दोन झाडे द्या आणि मधले तिसरे झाड काढता-लावता येईल असे ठेवा. ते नसले की उडी पोचत नाही, एवढेच पुरे.

हसरा बिबट्या या संचातून वगळावा असे आमचे स्पष्ट मत आहे. तुमच्या गावात बिबट्या रात्री गोठ्याजवळ येऊ शकतो. त्याच्याशी कसे वागायचे हा गंभीर विषय आहे, तो चार तुकड्यांच्या संचात मावणार नाही. खरे तर चारही प्राणी एकदम काढूच नका. एक प्राणी, एक खोका, एक गोष्ट. सुरुवात खवले मांजराने करा, कारण त्याचे खेळणे बाजारात क्वचितच मिळते आणि कारागिराच्या हाताला ते जमण्यासारखे आहे.

आता खोका. मिटलेले खेळणे साधारण १० सेंमी व्यासाचे होईल. त्यासाठी ११ × ११ × ६ सेंमीचा, तळ आपोआप अडकणारा खोका घ्या. पुठ्ठा ३५० जीएसएमचा, तपकिरी क्राफ्ट. भारतीय खवले मांजर दिवसा बिळात पडून राहते, म्हणून खोकाच बीळ होऊ दे. दर्शनी बाजूला ५ सेंमीचे गोल भोक पाडा आणि त्याला प्लॅस्टिकची काच लावू नका. दुकानात मूल आत डोकावेल तेव्हा अंधारात खवल्यांचा गोळा दिसेल. वाहतुकीत धूळ आणि झुरळे जाऊ नयेत म्हणून भोकावरून ४ सेंमी रुंदीचा कागदी पट्टा नको, ६ सेंमीचा घ्या. पट्टा भोकापेक्षा अरुंद असला की कडेला फट उरते. हा पट्टा उघडल्यावर कचऱ्यात जातो, त्यामुळे कायद्याचा मजकूर त्यावर टाकू नका. तो खोक्याच्या तळावर छापा. आतल्या बाजूला एकाच रंगात मुळे, मुंग्या आणि वाळवीची घरे छापून घ्या. खोका उलगडला की खेळाचा पट तयार होतो आणि मग तो फेकला जात नाही. वेष्टन कमी करण्याचा हा सगळ्यांत उपयोगी मार्ग.

छपाई दोन रंगांत भागते. क्राफ्टचा तपकिरी हाच प्राण्याचा रंग समजून त्यावर काळा आणि एखादा गडद हिरवा वापरा. क्राफ्टवर पांढरी शाई महाग पडते आणि मातकट दिसते. २०० नगांसाठी डिजिटल छपाई करा. ऑफसेट साधारण हजारापासून पुढे परवडते. कापणीच्या रेघेबाहेर सगळीकडे ३ मिमी रंग वाढवून द्या. मुलांसाठीचा मजकूर १६ पॉइंटचा ठेवा. मोठ्यांसाठीचाही ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका, कारण खरबरीत क्राफ्टवर शाई पसरते आणि जोडाक्षरे, रफार, अनुस्वार भरून जातात. गडद पट्टीवर उलट्या पांढऱ्या अक्षरांत बारीक देवनागरी तर मुळीच नको.

छापखाना तुम्हाला पावसाचे कारण सांगून प्लॅस्टिकचे लॅमिनेशन सुचवेल. ते घेऊ नका. ती फिल्म पुठ्ठ्यापासून सहज सुटत नाही आणि खोका पुनर्वापरातून बाद होतो. पाण्यावर आधारित वार्निशचा एक हात पुरेसा आहे. कोकणात खोका बिघडतो तो बहुतेक वेळा आतल्या ओलीने. जुलैत लाकूड दमट असते, तसेच बंद केले की पंधरा दिवसांत बुरशी धरते. ओलावा मोजायचे साधे यंत्र घ्या आणि १२ टक्क्यांच्या वर दाखवणारा तुकडा पुन्हा वाळवणीला पाठवा. जमले तर कापणी-घासणीचे काम मेपर्यंत उरका. खोके जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

लाकडाबद्दल थोडे सांभाळून. आंबा किंवा शिवण खासगी जमिनीतली असेल तर वखारीचे बिल आणि वाहतुकीचे कागद जपून ठेवा. रबराच्या झाडाचे लाकूड स्वस्त आणि एकसारखे मिळते. चीक देऊन म्हातारी झालेली झाडे तोडतात तेव्हा ते येते. पण सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात डोंगरउतारावरचे जंगल काढून रबराच्या लागवडी झाल्या आहेत. ते लाकूड वापरून ‘जंगल वाचवा’ लिहिले तर जाणकार गिऱ्हाईक प्रश्न विचारेल आणि तो रास्त असेल. लाकूड कोणते आणि कुठले ते सरळ छापा.

रंगात चकचकीत पिवळा आणि नारिंगी टाळा. स्वस्त रंगांत हे दोन बऱ्याचदा शिसे असलेल्या क्रोमेटचे असतात. खवले मांजराला ते लागतही नाहीत. गेरू, पिवळी माती, काव अशा लोह-ऑक्साइडच्या छटा लाखेत मिसळल्या की त्याचा खरा रंग येतो. तरीही तयार रंगाची चाचणी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्या. आयएस ९८७३ या खेळण्यांच्या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये शिसे, कॅडमियम, पारा धरून आठ मूलद्रव्ये तपासतात. शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे.

कायद्याचे म्हणाल तर, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना, तसेच भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांच्या वस्तूंना सूट आहे. तुमची मेख इथेच आहे: बनवतो कारागीर आणि तुमच्या नावाने विकता तुम्ही. ही सूट तुम्हाला लागू होते असे गृहीत धरू नका. भारतीय मानक ब्युरोच्या शाखेकडून लेखी उत्तर घ्या. परवाना लागणार असेल तर अर्ज ब्युरोच्या ‘मानक ऑनलाइन’ या संकेतस्थळावर करता येतो. सूट मिळाली तरी चाचण्या सोडू नका. दोरीला ७ किलो वजन दहा सेकंद टांगून पाहा. खेळणे कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर चार-पाचदा पाडा. दोरी तुटलीच तर सुटलेला कोणताही तुकडा ३१.७ मिमी व्यासाच्या नळीत पूर्ण मावता कामा नये. वर दिलेल्या मापांचे मधले तुकडे मावत नाहीत, पण शेपटीचे निमुळते टोक सहज मावेल, म्हणून ते ६ सेंमी लांब ठेवा. वय ‘३ वर्षे व पुढे’ लिहिले तरी धाकटे भावंड घरात असतेच.

खोक्याच्या तळावर उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नगसंख्या, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल हवेच. वजनमापे कायद्याखालचा हा मजकूर राहिला तर माल दुकानातून परत येतो. राजमुद्रा, वन विभागाचे बोधचिन्ह किंवा कुठल्या संस्थेचे पांडासारखे चिन्ह परवानगीशिवाय वापरू नका.

‘पर्यावरणपूरक’ हा शब्द काढून टाका. अशा मोघम हरित दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. दाव्यामागे पुरावा आणि खुलासा लागतो. त्याऐवजी लिहा: ‘खोक्यात प्लॅस्टिक नाही. लाकूड आंब्याचे.’ हे कोणालाही तपासता येते. ‘काही भाग’ हे शब्दही तसेच गुळमुळीत. हिशेब करून पाहा. किंमत ६०० रुपये ठेवली आणि दुकानदाराने ३५ टक्के घेतले तर तुमच्या हाती ३९० येतात. कारागिराची मजुरी, लाकूड, रंग, खोका, चाचणी आणि कर मिळून ३०० धरले तर उरतात ९०. त्यातून किमतीच्या १० टक्के, म्हणजे ६० रुपये देण्याचे कबूल केले तर दुसरी खेप निघणार नाही. नगामागे १५ रुपये ठरवा. २०० नगांचे ३,००० होतात. रक्कम लहान असली तरी लाजण्यासारखे त्यात काही नाही. संस्थेशी आधी लेखी ठरवा, तिचे नाव तिच्या संमतीने छापा आणि पावती तुमच्या पानावर लावा. मजुरी कापून मात्र देणगी वाढवू नका.

चित्राबद्दल एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या ‘बार्नम्स ॲनिमल्स’ या बिस्किटांच्या खोक्यावर शतकभर सर्कशीच्या गाडीतले पिंजऱ्यातले प्राणी होते. २०१८ मध्ये पिंजरे गेले आणि झेब्रा, हत्ती, सिंह, जिराफ व गोरिला गवताळ माळावर एकत्र चालताना आले. पिंजरा काढला हे उत्तमच, पण गोरिला दाट जंगलातला प्राणी. माळावर सिंहाच्या शेजारी तो कधीच दिसणार नाही. तुमच्या खोक्यावर खवले मांजरामागे नारळी-पोफळी काढायचा मोह होईल. त्यापेक्षा जांभा, पालापाचोळा आणि वारूळ काढा.

मुलासाठीच्या मजकुरात मेलेल्या प्राण्याचे चित्र, ‘शेवटचे इतकेच उरले’, ‘तू वाचवले नाहीस तर’ यातले काही नको. सहा वर्षांच्या मुलाला त्याने भीती वाटते आणि करायला काही सापडत नाही. दोन वाक्ये द्या: ‘मी रात्री मुंग्या आणि वाळवी खातो. घाबरलो की गोळा होतो, तेव्हा मला हात लावू नकोस, मोठ्यांना सांग.’ मोठ्यांसाठी शेजारी महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक छापा आणि लिहा की प्राण्याला पोत्यात भरू नये, गर्दी जमवू नये, फोटो टाकताना जागा सांगू नये. ही शेवटची सूचना महत्त्वाची आहे, कारण शिकारीही समाजमाध्यमे पाहतात. गोव्यात किंवा बेळगावात माल जाणार असेल तर त्या खेपेवर तिथल्या वन विभागाचा क्रमांक लागेल. क्यूआर कोड दिलात तर त्यामागच्या पानावरही बिळाचे ठिकाण ओळखू येईल असे छायाचित्र ठेवू नका.

छापायला देण्याआधी पाच-सहा नमुने हाताने करा आणि चार ते आठ वयाच्या मुलांना काही न सांगता खेळू द्या. दुसऱ्या दिवशी विचारा, ‘हा खरा भेटला तर काय करशील?’ बहुतेक जण ‘घरी आणीन’ म्हणाले तर चित्र किंवा मजकूर बदला. ‘हात नाही लावणार, आईला सांगेन’ असे उत्तर येऊ लागले की २०० खोक्यांची मागणी द्या. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र त्याआधी हातात असू द्या. रंग नापास झाला तर रंगवलेली खेळणी आणि त्यावर अवलंबून छापलेले खोके, दोन्ही वाया जातात.